वारेला जागा

आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्याच्या कडेला एक देशी बदाम आहे. फाल्गुन लागला की तो लाल होतो. आधी एक पान, मग चार, मग आठवडाभरात सगळं झाड. खाली रिक्षा लावणारे वैतागतात, कारण टपावर पडणारं एकेक पान ताटलीएवढं. सकाळी झाडूवाली मावशी ढीग करता करता वर बघून मलाच विचारते, "बाई, या झाडाला दुसरा काय धंदा नाय काय?" मला सगळे बाई म्हणतात. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, ते अंगाला चिकटलंय. मी गॅलरीत चहा घेऊन उभी असते. तिला म्हणते, "थांब गं, पडू दे त्याला." आणि माझा चहा निवतो.

पानगळ मी आयुष्यभर फळ्यावर शिकवली, पण पाहिली नव्हती. आमच्या गावात आंबा, फणस, चिंच, बिंबली. एका दमात अंगावरचं सगळं उतरवून उभं राहणारं निर्लज्ज झाड आमच्याकडे नव्हतंच. चौथीतली पोरं विचारायची, "बाई, सगळी पानं कशी पडतील? मग झाड मरंल ना?" मी म्हणायची, पुस्तकात आहे म्हणजे पडतात. खरी पानगळ बघितली ती न्यूझीलंडला, लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा. तिकडे सगळं उलटं. इथे ऊन चढायला लागतं तेव्हा तिकडे स्वेटर निघतात. त्या वर्षी माझा शिमगा चुकला, होळीचा सोंगांचा नाच चुकला, आणि बदल्यात मला तीन महिन्यांची ती लाल-पिवळी थंडी मिळाली.

आणि त्या थंडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. वार.

बाळामागून पडते ती वार. आमच्या गावात नाळ आणि वार यांत फार फरक करत नाहीत, दोन्ही एकाच मडक्यात जातात. मडक्यात हळद-कुंकू, सुपारी, मूठभर मीठ. परसात कोपरभर खोल खड्डा, वर दगड, म्हणजे कुत्रं उकरणार नाही. आमच्या मागच्या दारी, बिंबलीच्या अंगाला, आमच्या ह्यांची वार आहे, माझ्या चारही नणदांची आहे आणि माझ्या दर्शनाची आहे. दर्शना आमची एकुलती एक. ती घरातच जन्मली, पलीकडच्या आळीतल्या सुईणीच्या हातून. त्यामुळे तिच्या बाळाची वारही त्याच परसात यावी, एवढंच माझं म्हणणं होतं. फार काही मागत नव्हते मी.

अडचण एवढीच, की गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं. कागदावर गेलं होतं. आम्ही अजून तिथेच जेवत-झोपत होतो. समोरच्या डोंगराला दुपारी सुरुंग लागायचे, कपाटातली भांडी किणकिणायची, आणि हे म्हणायचे, "लागला वाटतं," जसं काही भात शिजला. गाव उठणार हे पोराटोरांनाही माहीत होतं. कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मला घाई होती. घर उभं आहे तोवर बाळाला तिथे रुजवायचं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, बाई गं, तू इथली.

तर मी निघाले. जाताना आळीव, सुंठ, डिंक, हळकुंडं असं सगळं बांधून घेतलं. तिथल्या विमानतळावर एका गोऱ्या मुलीने माझी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आळीव आणि हळकुंडं काढून घेतली. रुजणारं काही आत येऊ द्यायचं नाही म्हणे, त्यांच्या मातीला धोका. मी तिला माझ्या इंग्रजीत सांगितलं, "डॉटर, बेबी, मिल्क." ती हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुडी डब्यात टाकली. मला इतका राग आला की बाहेर उभ्या जावईबापूंना मी आधी आळीवाची बातमी दिली आणि मग विचारलं, दर्शना कशी आहे.

दर्शनाला मुलगी झाली. नाव ओवी ठेवलं ते नंतर. मला आठवते ती त्या खोलीतली पहाट, खिडकीबाहेर पिवळं झालेलं एक उंच झाड, आणि अनाहेरा. अनाहेरा ही दर्शनाची सुईण. तिकडे डॉक्टरपेक्षा सुईणीचाच मान. पोटुशी असल्यापासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत एकच बाई सगळं बघते. ही माओरी, म्हणजे तिथली मूळची. पन्नाशीची, धिप्पाड, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक, आणि हात असे ऊबदार की मलाच वाटलं आपणही पोटुशी असतो तर बरं. बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवून झाल्यावर तिने सहज विचारलं. दर्शना मला म्हणाली, "आई, ती विचारतेय, वार घरी नेणार का?"

मी चाटच पडले. पनवेलच्या दवाखान्यात असं विचारलं असतं तर नर्सने मला वेड्यात काढलं असतं. आणि इथे सातासमुद्रापार एक परकी बाई माझ्याच सासूबाईंसारखं विचारत होती. मी दर्शनाच्या आधी ओरडले, "येस! येस! होम!"

"आई, ठेवणार कुठे?" जावईबापू म्हणाले. त्यांचं नाव निलेश. कॉम्प्युटरचा माणूस, स्वभावाने गरीब. अनाहेराने झाकणाच्या डब्यात वार बांधून दिली आणि सांगितलं, फ्रीजर.

तर माझ्या नातीची वार मटारच्या पाकिटाशेजारी फ्रीजरमध्ये बसली. शनिवार-रविवार निलेशचे मित्र बाळ बघायला यायचे आणि आइस्क्रीम शोधायचे, म्हणून त्यांनी डब्यावर जाड मार्करने लिहिलं, 'हे जेवण नाही'. मी रोज सकाळी फ्रीजर उघडून डबा जागेवर आहे ना ते बघायची. दर्शना हसून हसून टाके दुखवून घ्यायची. "आई, ते पळून जाणार आहे का?" नाळेचा तुकडा पडला तो आठव्या दिवशी, आणि तो डायपरमध्येच पडला, आणि जावईबापूंनी तो डायपर गुंडाळून सरळ कचऱ्यात दिला. गाडी कचरा घेऊन गेल्यावर मला कळलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. गरीब माणूस भांडी घासत राहिला. आता राहिली होती ती डब्यातली वारच.

"ती मी घेऊन जाणार," मी म्हणाले.

"विमानात नेऊ देणार नाहीत, आई."

"आळीव आणू दिलं नाही, कबूल. पण हे मी त्यांच्याकडून नेतेय. त्यांचं काय जातं?"

दर्शना तेव्हा बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, ती इथे जन्मलीय. इथेच शाळेत जाणार. तिला तिकडचं कशाला? आणि खरं सांगू, हे सगळं दवाखान्यात टाकूनच द्यायला हवं होतं." मग म्हणाली, "आणि तिकडे तरी काय राहणार आहे?"

शेवटचं वाक्य ती हळू बोलली, पण मी ते ऐकलं. मी उठून डिंकाचे लाडू वळायला गेले. राग आला की मी लाडू वळते. त्या महिन्यात त्या घरात लाडू फार झाले.

सव्वा महिना मी बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. अनाहेरा दर आठवड्याला यायची, बाळाला झोळीत घालून काट्यावर टांगायची, वजन लिहायची आणि माझ्या हातचा लाडू खायची. तिचं येणं आता संपणार होतं. शेवटच्या फेरीला ती म्हणाली, रविवारी तुम्ही सगळे माझ्या नदीवर या. माझ्या नदीवर! मला वाटलं बाई श्रीमंत दिसते. तर तसं नव्हतं. नदीकाठी एक राखीव रान होतं, धबधबे होते, आणि तिच्या माणसांचं जुनं गाव कधीकाळी तिथे होतं. महिन्यातून एकदा ती आणि तिचे लोक तिथे रान निवडायला जायचे, परकं गवत उपटायचं, आपली झाडं लावायची.

तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना पानं झडलेल्या फांद्या, मध्येच एखादं झाड पेटल्यासारखं लाल. रानाच्या तोंडाशीच बूट घासायला ब्रश ठेवले होते आणि पायांवर मारायला औषधी पाणी. बाहेरची माती आत न्यायची नाही, झाडांना रोग होतो. जावईबापू कंटाळून घासत होते. मला मात्र बरं वाटलं. पाय धुऊन आत जायची जागा म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको.

आत गारवा होता. आपल्याकडे कर्नाळ्याच्या वाटेला श्रावणात येतो तसा ओल्या मातीचा वास, पण झाडं वेगळीच. नेचे इतके उंच की त्यांच्या सावलीत माणसांनी चालावं. आपला नेचा गुडघ्यापर्यंत येतो, इथला छत्री धरून उभा. गळ्याशी पांढरा गोंडा असलेला एक काळा पक्षी घशातून घंटा वाजवल्यासारखं काहीतरी म्हणत होता. पाण्याचा आवाज आधीपासून येत होता, पण पाणी दिसत नव्हतं.

वाटेत एक कोरलेला लाकडी खांब होता, डोळे वटारलेल्या पूर्वजाचा. अनाहेरा तिथे थांबली, खांबाला हात लावला आणि तिच्या भाषेत काहीतरी संथ बोलली. मग आम्हाला अर्थ सांगितला. ओळख करून देताना ते असं म्हणतात, अमुक माझा डोंगर, अमुक माझी नदी, अमुक होडीतून आमची माणसं आली, आणि मग सगळ्यात शेवटी, माझं नाव अमुक. मी दर्शनाला म्हटलं, "आपल्यात आधी नाव, मग आडनाव, मग मुक्काम पोस्ट, आणि तालुका पनवेल. नदी कुणी विचारतच नाही."

आणि मग धबधबा. फार उंच नव्हता, पण रुंद. काळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या कातळावरून सगळी नदी एकदम खाली उतरत होती. खाली हिरवं, खोल, शांत पाणी. शेजारी दोन-चार लोक फोटो काढत होते. ओवी निलेशच्या छातीशी बांधलेली झोपली होती.

आता इथे मी जे केलं ते केलं. आमच्याकडे लेकरू पहिल्यांदा नदी ओलांडतं तेव्हा नदीला नारळ देतात. मी उरणच्या बाजूची, मिठागरवाल्यांच्या घरातली. आमच्यात खाडी ओलांडतानाही देतात. ओवी येताना पुलावरून आली होती. मी शुक्रवारीच इंडियन दुकानातून नारळ आणला होता आणि बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत खाली दडवला होता, कारण जावईबापूंना कळलं असतं तर त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. मी पुढे झाले, नारळाला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि दिला फेकून.

आमच्या खाडीत ओहोटीबरोबर नारळ निघून जातो. हा गेला नाही. धबधब्याखाली पाणी गोल फिरत होतं, त्यात तो मोठ्या डौलात गरगरत राहिला. फोटो काढणाऱ्यांनी त्याचे फोटो काढले. मी वळून बघितलं तर अनाहेराचा चेहरा बदललेला. रागावलेला नव्हे. दुखावलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

दर्शना कानात म्हणाली, "आई, हे पाणी ते पवित्र मानतात. इथे त्यांचे लोक आजाऱ्यांना आणायचे, मेलेल्यांना न्हाऊ घालायचे. अशा पाण्याजवळ खायची वस्तू आणत नाहीत. खाणं आणलं की पाणी विटाळतं."

अरे देवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्यात देवाला रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि इथे भरल्या हाताने जायचं नाही! मला तोंड लपवायला जागा नव्हती. सॉरी सॉरी म्हणत मी चप्पल काढून पाण्यात निघाले, तर जावईबापूंनी बाळ दर्शनाकडे दिलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि एक लांब फांदी घेऊन स्वतः उतरले. पाणी बर्फासारखं. कॉम्प्युटरचा माणूस दात वाजवत सासूचा नारळ ओढत होता आणि मी काठावरून ओरडत होते, "डावीकडे! अहो, डावीकडे!" आधी अनाहेरा हसली. मग आम्ही सगळेच हसलो. डायपरच्या दिवसाचा माझा राग त्या पाण्यातच गेला.

नारळ बाहेर आल्यावर अनाहेरा काठावर जाऊन पाण्याशी दोन शब्द बोलली. मग माझ्याजवळ येऊन बसली. "तुझी नदी कोणती?" तिने विचारलं.

मी सांगितलं, उलव्याची.

"आणि डोंगर?"

"तोही तिथलाच." मग मी दर्शनाला म्हटलं, तिला नीट सांग. सांग, की डोंगर आता कापून सपाट करतायत आणि नदीला दुसऱ्या बाजूने वळवतायत. मोठं काम आहे, देशाचं काम आहे, आमच्या पोरांना नोकऱ्या लागतील, मी त्याविरुद्ध नाही. पण असं आहे.

मला वाटलं ती अरेरे म्हणेल. ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "मग तुम्ही आता तुमचं नाव कसं सांगणार?"

एकतीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले. हा प्रश्न त्यात कधी नव्हता. मी ओला नारळ पदराने पुसून पिशवीत ठेवला.

परतताना तिने आम्हाला एका चढावर नेलं. गवतात चौकोनी खोलगट खड्डे होते, ओळीने. जुन्या गावाची रताळी साठवायची पेवं. पेव म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. धान्याची पेवं माझ्या आजोळी होती. मी तिला विचारलं, तुझी वार या इथेच असेल ना? ती म्हणाली, नाही. तिच्या आजीच्या वेळीच ही जमीन त्यांच्या हातून गेली. आता राखीव आहे, झाडं लावायला येता येतं, पण पुरायचं म्हटलं तर परवानगी लागते. तिची वार नदीच्या वरच्या अंगाला, मावशीच्या शेतात आहे. "आणि माझ्या मुलाची तीन वर्षं कुंडीत होती," ती म्हणाली. "आम्ही भाड्याने राहायचो. मोठ्या कुंडीत माती, त्यात वार, वर झाड. घर झालं तेव्हा सगळं उचलून जमिनीत लावलं. ज्यांची जमीन अजून यायची आहे, त्यांनी कुंडी घ्यावी."

"कुंडीत?" मी मराठीतच म्हणाले. "वार काय मोगरा आहे?" दर्शनाने ते भाषांतर केलं नाही. मी मात्र गाडीत अख्ख्या वाटेने धुसफुसत होते. चार पिढ्या जमिनीत आणि माझी नात प्लास्टिकच्या कुंडीत! नर्सरीतल्या रोपासारखी! जावईबापूंनी हीटर माझ्या पायाकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला. हे फोनवर कधी बोलत नाहीत, फक्त आहे-नाही सांगतात. "नोटीस आयली," म्हणाले. "गनपतीनंतर घरा खाली कराची, असा सांगतान."

मी म्हटलं, मी पुढच्या महिन्यात येते. येताना ओवीची वार आणायची म्हणते. काहीतरी करून आणते. तुम्ही बिंबलीजवळ जागा बघून ठेवा.

पलीकडे कोंबडं ओरडत होतं. आमच्याच मागच्या दारचं. हे म्हणाले, "कशाला? आज पुरशील. उद्या ती खनाला कोन येनार?"

फोन ठेवून मी बाळाच्या पाळण्याशी बसले आणि मनसोक्त रडले. घर जाणार हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, पण ते मी डोक्याने ऐकलं होतं. त्या दिवशी ते पोटात उतरलं. मी नातीला तिथली करायला निघाले होते, आणि तिथलं म्हणजे कुठलं, तेच आता उरणार नव्हतं. ओवी डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. दर्शना येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

संध्याकाळी मी जावईबापूंना म्हटलं, "जरा मोठी बघून आणा. आणि प्लास्टिकची नको."

मातीची कुंडी आली, दोन माणसांनी उचलावी अशी. अनाहेरा आता कामाने येत नव्हती, तरी आली. तिथल्याच कोवाई नावाच्या झाडाचं रोप घेऊन आली. वसंतात त्याला पिवळी फुलं लटकतात, आपल्या बहाव्यासारखी. भाड्याच्या घराच्या मागे फरशीवर आम्ही बसलो. हळकुंड नव्हतं, दुकानातली हळद घातली. कुंकू, सुपारी. मग मी सवयीने पदराच्या गाठीतून मीठ काढलं आणि मूठ कुंडीवर धरली, तर अनाहेराने पटकन माझं मनगट पकडलं. "झाड मरेल!"

मिठागरवाल्यांची पोर मी. आमच्यात मीठ नाही असं काही शुभ होतच नाही. आणि वर झाड लावायचं, ही कल्पनाच आमच्याकडे नाही. आम्ही दगड ठेवतो. दगडाला मीठ चालतं. मी मूठ तशीच धरून बसले. शेवटी दर्शनाने माझ्या मुठीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि ओवीच्या कपाळावरून ओवाळून बाजूला टाकलं. "झालं ना आई? लागलं तिला मीठ." आम्ही माती ओढली. ओवीच्या चिमुकल्या मुठीत थोडी माती दिली तर तिने मूठच तोंडाकडे नेली. डबा धुऊन मी फ्रीजरच्या वर पालथा घातला.

ज्येष्ठात मी परत आले.

तारखेचं जसं होतं तसं झालं. गणपती गेले, दिवाळी गेली, दुसरं वर्ष लागलं आणि मग पुढच्या गणपतीनंतर खरंच घरं खाली झाली. शेजारपाजारचे दारं, खिडक्या, कौलं, वासे, जे निघेल ते काढून टेम्पोत भरत होते. बदल्यात मिळालेल्या नव्या जागेवर घर होईतो आम्ही कामोठ्यात फ्लॅट घेतला होता भाड्याने. सकाळचे दहा-अकरा झाले असतील. मी रिकाम्या माजघरात केर काढत होते. आता उद्या पडणाऱ्या घराचा केर कशाला काढायचा, पण हात थांबेनात. हे बाहेर दाराची चौकट उतरवत होते.

दर्शनाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ. ओवी दीड वर्षाची झाली होती, मागे धावत होती, कुंडीतलं झाड तिच्याहून उंच झालं होतं. दर्शना म्हणाली, "आई, सगळं घर दाखव." मी फोन फिरवत फिरले. देवघराचा कोनाडा दाखवला, तिची उंची मोजायची भिंत दाखवली, चुलीची काळी खूण दाखवली. ती हं हं करत होती. शेवटी म्हणाली, "मागच्या दारी ने ना."

मी परसात गेले. बिंबली तोडून झाली होती, बुंधा होता. ती म्हणाली, "माझी कुठे आहे?"

मला आधी कळलंच नाही. "तुझी काय?"

"माझी वार गं. कुठे पुरलीय?"

मी नातीच्या वारेसाठी जिवाचा आटापिटा केला होता. लेकीची इथेच पडलेली होती आणि ती जाणार होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हसणारी, दवाखान्यात टाकून द्या म्हणणारी माझी लेक फोनमध्ये तोंडावर हात धरून उभी होती. मी बुंध्याच्या उजवीकडे बोट दाखवलं. "इथे गं, इथेच कुठेतरी."

"थय नाय," मागून आवाज आला. हे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. हातात पटाशी तशीच. विहिरीकडे चार पावलं चालत गेले, पायाने पाचोळा बाजूला केला, तर एक चपटा काळा दगड. "हय. मीच खनलेला खड्डा. तुजी आई तवा आत बाजंवर व्हती, तिला काय ठावा."

तीस वर्षांत हे मला कधी बोलले नव्हते.

"बाबा, ते पण जाणार ना आता?" दर्शना म्हणाली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मागून ओवी येऊन तिचा गुडघा ओढायला लागली. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दूर धरला, जसं वर्तमानपत्र धरतात, आणि म्हणाले,

"रडू नको गो बाय. आता हयच विमाना उतरनार. पुढल्या टायमाला आयलीस ना, तर तुजा विमान सरल तुज्या नालंवरच टेकंल."